पाठ फिरवणारे हंस

मावशीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि ती माझ्याकडे राहायला आली. ते दिवस आठवले की मला आधी हॉलमधला उजेड आठवतो. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला माझा फ्लॅट आहे. चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी. दुपार कलली की ऊन हळूहळू आत सरकायचं, लाद्यांवरून सोफ्यापर्यंत यायचं आणि सोफ्यावर बसलेल्या मावशीच्या पायांशी येऊन थांबायचं. थंडीचे दिवस होते, म्हणजे आमच्याकडे पडते तेवढी थंडी. दूरवर कारखान्यांच्या चिमण्या धुरकट दिसायच्या. वारा तिकडून असला की हवेत एक आंबूस वास यायचा. मावशी म्हणायची, "आज परत कुणीतरी लोणचं घातलंय."

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. कल्याणच्या एका शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवत ती निवृत्त झाली. जुन्या बाजारपेठेजवळ तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते, लिफ्ट नाही. माझे आईबाबा बाबांच्या रिटायरमेंटनंतर कोकणात गावी गेलेले. मी इथे एकटाच. ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी घरी बसून वेबसाइटी बनवतो. त्यामुळे मावशीने माझ्याकडेच यायचं हे कुणी न ठरवताच ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, थेंब चुकवायचे नाहीत आणि सुईदोऱ्याचं काम अजिबात करायचं नाही. लांबून टीव्ही बघितला तर चालेल.

मावशीने सगळ्याला मान डोलावली आणि येताना पिशवीत अर्धवट ओवलेलं मण्यांचं तोरण घेऊन आली.

तिची शाळेतली एक मैत्रीण आहे. दोघींनी एकाच वर्गाच्या दोन तुकड्या वर्षानुवर्षं सांभाळल्या आणि दोघी राहायच्याही दोन गल्ल्या सोडून. ती मैत्रीण आता कल्याण सोडून लेकाबरोबर ठाण्याला, घोडबंदरच्या बाजूला नव्या घरी जाणार होती. तिच्या वास्तुशांतीसाठी हे तोरण. मधोमध कमळ आणि दोन बाजूंनी त्याच्याकडे तोंड करून बसलेले दोन हंस. डावा हंस आणि अर्धं कमळ झालेलं. तिथवर येईतो मावशीच्या डोळ्यांनी हात टेकले.

आल्यानंतर तीन-चार दिवसांनी मी मिटिंग संपवून बाहेर आलो तर ती बाल्कनीच्या दाराशी तोरण उजेडात धरून उभी.

"मावशी!"

"ओवत नाहीये रे. नुसती बघतेय."

"सुई कुठाय?"

तिने मूठ उघडली. सुई होतीच.

मी सुई काढून घेतली, पण तिचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "असं करू. मी हे टीव्हीवर काढून देतो. मोठं, एकेक मणी लाडवाएवढा. उजवी बाजू तिथे पूर्ण होईल. डॉक्टर हो म्हणाल्या की त्यावर बघून ओव."

"तुला मणीकाम येतं?"

"मला कोड येतं."

"बघू," ती म्हणाली. शाळेत मुलांना म्हणत असेल तशीच.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. जेवणानंतरचा तासभर मी ऑफिसच्या कामातून मोकळा असायचो. तोरण खिडकीच्या गजाला टांगायचो, लॅपटॉप मांडीवर घ्यायचो आणि एकेका मण्यावर बोट ठेवायचो. मावशी लांब सोफ्यावर बसून रंग सांगायची. "मोतिया. मोतिया. मोतिया. आमसुली. मोतिया. शेवाळी." मला निळा, हिरवा, लाल एवढेच रंग माहीत. तिच्याकडे अबोली होता, मोरपंखी होता, गव्हाळी होता, आणि एक होता 'कातरवेळ', तो तिने स्वतःच केलेला असणार. तिचा आवाज लयीत यायला लागला की मला पेंग यायची. बोटं टाइप करत राहायची, बाहेर एखादा पाण्याचा टँकर घरघरत जायचा, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा. मी जागा आहे की झोपेत ओवतोय तेच कळायचं नाही.

मण्यांची प्रत्येक ओळ मी एका ॲरेत भरत होतो. ॲरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या वस्तू. पहिली कुठली, दुसरी कुठली, हे त्यात पक्कं असतं. डावा अर्धा भाग भरून झाला तेव्हा मावशी स्क्रीनजवळ आली आणि काळा चष्मा वर करून माझ्या अक्षरांकडे बघू लागली.

"ही तीन टिंबं कसली? वाक्य अर्धवट सोडलंयस?"

"नाही गं. याला स्प्रेड म्हणतात. ॲरेच्या आधी ही तीन टिंबं दिली की आतल्या वस्तू सुट्या होतात. मग त्या दुसऱ्या ॲरेत मांडता येतात."

"म्हणजे माळेतून मणी काढून नव्या दोऱ्यात ओवायचे."

"हो. फक्त जुनी माळ मोडत नाही. ती असते तशीच राहते आणि नवीही तयार होते."

"हे बरंय," ती म्हणाली. "आम्हाला एकच माळ मिळते."

मी तिला सांगितलं की डावी ओळ आहे तशी पसरायची, तिच्यापुढे तीच ओळ उलटी करून पसरायची, म्हणजे उजवा हंस आपोआप तयार. एक बटण दाबलं आणि टीव्हीवर दोन हंस समोरासमोर आले. मधलं कमळ पूर्ण झालं. मावशी उठली, टीव्हीपाशी गेली आणि उजव्या हंसाच्या मानेवरून पंजा फिरवला. काचेवर थेंबांच्या औषधाचा पुसट डाग राहिला, तो मी बरेच दिवस पुसला नाही.

कुठले मणी बाजारातून आणावे लागतील हे कळायला मी खाली रंगांच्या चौकोनांची एक पट्टी केली. त्यासाठी सेट वापरला. सेटमध्ये तीच गोष्ट कितीही वेळा टाका, ती एकदाच राहते. सगळ्या ओळींतले सगळे रंग त्यात ओतायचे, उरतील ते वेगवेगळे रंग, मग तीन टिंबं देऊन त्यांचा परत ॲरे करायचा.

"कप्प्यांचा डबा," मावशी म्हणाली. मग बोटावर मोजायला लागली आणि थांबली. "पण हे तर जास्त आहेत. माझ्या डब्यात इतके कप्पेच नाहीत."

खरंच जास्त होते. पट्टीवर मोतिया होता आणि शेजारी दुधी होता. मोरपंखी होता आणि अस्मानी होता. मी पुन्हा तोरण टांगलं, त्या जागांवर बोट ठेवलं. मणी अगदी एकसारखे.

"हा कुठला?"

"मोतिया."

"आणि हा? काल दुधी म्हणालीस."

तिने एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. पुन्हा पहिला. आणि एकदम म्हणाली, "अगं बाई."

ऑपरेशन झालेल्या डोळ्याला मणी पांढराशुभ्र, किंचित निळसर दिसत होता. न झालेल्या डोळ्याला तोच मणी पिवळट, जुन्या पत्रिकेच्या कागदासारखा. दुपारी बसताना ती कधी या हातावर गाल टेकायची, कधी त्या. ज्या बाजूचा डोळा झाकला जायचा त्याप्रमाणे मण्याचं नाव बदलायचं. सेटला बिचाऱ्याला दोन वेगळे शब्द मिळाले, त्याने दोन रंग ठेवले.

त्या संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बराच वेळ उभे होतो. मावशी एकेक डोळा झाकून मला सांगत होती. या डोळ्याने समोरची बिल्डिंग फिकट गुलाबी, त्या डोळ्याने मातकट. चिमणीचा धूर इकडून चांदीसारखा, तिकडून मधासारखा. खाली एक बाई लाल साडी वाळत घालत होती. मावशीने दोन्ही डोळ्यांनी ती साडी बघितली, आणि मला वाटलं दोरीवर खरंच दोन साड्या आहेत.

"म्हणजे इतकी वर्षं मी सगळं मधात बुडवून बघत होते तर," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती.

आम्ही ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं ऐकायचं ठरवलं. मी जादा नावं बदलली, पट्टी नीट झाली. शिवाय तिला रंग कमीजास्त करून बघता यावेत म्हणून एक सोय केली. पट्टीवरचा चौकोन दाबला की तो रंग थोडा गडद व्हायचा, परत दाबला की फिका, आणि त्याप्रमाणे अख्खं तोरण पुन्हा रंगवलं जायचं. माऊस तिच्या हातात दिला, जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला आणि मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कामाला लागलो. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची साइट सुरू व्हायची होती, त्यामुळे दुपारची ती बैठकही बंद पडली.

मावशी गप्प व्हायला लागली ती तेव्हापासून.

आधी मला वाटलं, तिला घरची आठवण येतेय. जेवताना बोलायची नाही. थेंब घातले का विचारलं की "घातले" आणि पुढे काही नाही. एकदा म्हणाली, "आज वार कुठला रे?" मी सांगितलं, तर "हो, मला माहीत होतं," म्हणाली आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. दुपारी मी हेडफोन काढले की हॉलमधून तिचा आवाज यायचा. ती पाढे म्हणत असायची. एकोणतीसचा, मग सदतीसचा, मग पावकी. सावकाश, एकही न चुकता. मला ते ऐकायला आवडायचं. वाटायचं, जुनी मास्तरीण आहे, शाळा आठवत असेल. पडद्यावर माझ्या गिऱ्हाइकाची साइट उघडी असायची आणि कानात सदतीसचा पाढा, आणि मी चौथीच्या वर्गात खिडकीजवळ बसल्यासारखा निवांत असायचो.

मध्येच मी बाहेर यायचो तर टीव्ही बंद असायचा.

"काय गं, हंस कुठे गेले?"

"पुरे झाले आता. डोळे दमतात."

मग मी टीव्ही लावायचो, पान नव्याने उघडायचो, हंस समोरासमोर बसलेले असायचे. "मस्त दिसतायत की," मी म्हणायचो. ती माझ्याकडे बघायची, पडद्याकडे बघायची आणि "हो, मस्तच," म्हणून उठून आत जायची.

डॉक्टरांकडे दाखवायला जायचा दिवस आला. दवाखाना कल्याणला. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली डोळा तपासला, छान भरलाय म्हणाल्या, अक्षरं वाचून घेतली. मावशीने शेवटची ओळसुद्धा वाचली. मग खुर्चीवरून उठता उठता हळूच विचारलं, "डॉक्टर, या ऑपरेशननंतर दिसणाऱ्या वस्तू फिरतात का?"

"फिरतात म्हणजे? चक्कर येते का मावशी?"

"नाही. चक्कर नाही."

"एकाच्या दोन दिसतात?"

"नाही. एक वस्तू इकडे तोंड करून असते. मग ती तिकडे तोंड करते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा डोळा तपासला, डोळ्यात काही नाही म्हणाल्या, आणि असं परत झालं तर न थांबता या, असं सांगितलं. 'डोळ्यात काही नाही' ऐकून मावशीचा चेहरा उतरला. तो का उतरला ते मला रिक्षात बसल्यावर कळलं.

शीळ रोडला रस्ता खोदलेला, रिक्षा मुंगीच्या पावलांनी चाललेली. मावशी बाहेर बघत म्हणाली, "तुला आजी आठवते का शेवटची?"

"थोडी थोडी."

"तिला भिंतीवर गाई दिसायच्या. संध्याकाळ झाली की म्हणायची, गाई आल्या, दार उघडा. आधी आम्हाला वाटलं डोळ्याचं आहे. डोळे नीट होते तिचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला हंस फिरताना दिसतात. तुझ्या टीव्हीतले. समोरासमोर असतात आणि क्षणात पाठ करून बसतात एकमेकांकडे. मधलं कमळ फुटून दोन टोकांना जातं. मी घाबरून परत काहीतरी दाबते, की पुन्हा समोरासमोर. तू येतोस तेव्हा तर अगदी शहाण्यासारखे बसलेले."

"म्हणून पाढे?"

"म्हणून पाढे. ते येतात अजून. पण आजीलाही ओव्या येतच होत्या शेवटपर्यंत."

मी तिचा हात धरला. ऊन रिक्षाच्या काचेवरून तिच्या काळ्या चष्म्यावर येत होतं आणि त्यात रस्त्यावरची माणसं उलटसुलट तरंगत होती. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतसुद्धा डोक्याच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणत होतं, थांब, थांब, काही दाबल्यावर फिरतात म्हणाली ना ती?

घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. टीव्ही लावला, पान उघडलं. हंस समोरासमोर.

"काय दाबतेस? दाखव."

"नको."

"दाखव तर."

तिने माऊस घेतला आणि अबोलीचा चौकोन दाबला. दोन्ही हंसांनी गर्रकन पाठ फिरवली. कमळाचं एक अर्धं डाव्या कडेला, एक उजव्या कडेला.

"फिरले!" मी ओरडलो. "मावशी, मला दिसले! मलाही दिसले!"

"तुलाही?"

"अगं, फिरलेच ते. खरोखर फिरले!"

मावशी सोफ्यावर बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. मला आधी वाटलं हसतेय. मग वाटलं रडतेय. जवळ गेलो तर दोन्ही चालू होतं. "डोळा पुसू नकोस," मी म्हणत होतो, "थेंब घातलाय, पुसू नकोस." आणि माझे स्वतःचे डोळे मी बाहीने पुसत होतो.

झालं होतं असं. ओळ उलटी करायची आज्ञा त्या ओळीची वेगळी उलटी नक्कल करून देत नाही, ती मूळ ओळच उलटी करून टाकते. पहिल्यांदा चित्र बरोबर येतं, कारण डावी बाजू आधीच मांडून झालेली असते. पण दुसऱ्यांदा रंगवताना ती डावी ओळ उलटी होऊन बसलेली असते. हंस पाठ फिरवतात. तिसऱ्यांदा पुन्हा सुलट. मी दर वेळी पान नव्याने उघडायचो, म्हणून मला कधीच दिसलं नाही. आधी तीन टिंबं देऊन नवी ओळ घ्यायची आणि मग ती उलटी करायची, एवढंच हवं होतं.

मी हे मावशीला समजावलं. ती आता शांत झालेली.

"म्हणजे तू मूळ माळच उलटी करत होतास."

"हो."

"आणि मला म्हणालास, जुनी माळ तशीच राहते."

"टिंबं दिली तर राहते. तिथे द्यायची राहिली."

"माझ्या मनातच आलं नाही," ती म्हणाली, "की तू लिहिलेलं चुकलं असेल. स्वतःचं डोकं गेलं असेल असं वाटलं, पण हे नाही."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, साधं सांगितलं. मी चहा ठेवायला आत गेलो आणि गॅससमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

चहा पिऊन मी दुरुस्ती केली. चौकोन दाबून बघितला, हंस जागचे हलले नाहीत. अबोली दाबला, शेवाळी दाबला, ते आपले कमळाकडे बघत बसलेले. मावशीने दोन-तीनदा स्वतः दाबून खात्री केली. मग म्हणाली, "ते आधीचं ठेवलंयस का?"

"कशाला?"

"एकदा बघू दे ना. आता भीती नाही."

मी जुनं पान उघडून दिलं. ती दाबत गेली. समोरासमोर, पाठमोरे, समोरासमोर, पाठमोरे. आधी जपून, मग भरभर. हंस माना वळवत होते, कमळ फुटत होतं, मिटत होतं. ऊन सोफ्यापर्यंत आलं, भिंतीवर चढलं. मावशी लहान मुलीसारखी हसत होती. मध्येच थांबून म्हणाली, "पाठमोरेही वाईट नाही दिसत रे. दोघं आपापल्या तळ्याकडे बघतायत." अंधारून आलं तरी आम्ही दिवा लावला नाही. टीव्हीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर मोतिया पडायचा, मग शेवाळी, मग पुन्हा मोतिया.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सुईला परवानगी दिली. आम्ही कल्याणच्या बाजारात जाऊन कमी पडणारे मणी आणि ओवायला नवा तंगूस आणला. दुकानदाराने डबे उघडून ठेवले आणि मावशीने एकही डोळा न झाकता रंग निवडले. उजवा हंस तिने टीव्हीकडे बघत, रोज थोडा थोडा ओवला. शेवटी शेवटी बघायचं सोडलं. हाताला आठवलं, म्हणाली.

वास्तुशांतीला मी तिला ठाण्याला घेऊन गेलो. विसाव्या मजल्यावरचं घर, समोर डोंगर. गुरुजी निघून गेले, जेवणं उरकली, पाहुणे पांगले. दाराला तोरण लावताना स्टुलावर मी चढलो आणि खाली उभ्या राहून दोघी डावं-उजवं सांगत राहिल्या. मैत्रिणीने मान वर करून बराच वेळ बघितलं. मग मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कल्याणला येणं आता होणार नाही गं फारसं."

"मी येईन की इकडे," मावशी म्हणाली. "नवीन डोळा आहे आता."

मग दोघी बाल्कनीत खुर्च्या टाकून बसल्या. शाळेतल्या कुठल्याशा सहलीची गोष्ट निघाली. खाडीकाठी नेलेली मुलं, कुणाची तरी चिखलात अडकलेली चप्पल, डब्यातला सांडलेला साखरभात. एक सांगायची, दुसरी दुरुस्त करायची. मी आत सोफ्यावर टेकलो होतो. डोंगरावरून येणारा वारा पडदा फुगवत होता आणि त्या दोघींची वाक्यं जवळ यायची, लांब जायची. केव्हा डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर कुणीतरी शाल टाकलेली, घर शांत, आणि बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. वाकून बघितलं तर खूप खाली, बागेच्या वाटेवर, दोन ठिपके शेजारी शेजारी अगदी सावकाश चालले होते.